1098 ला उरलेला मसालेभात न्यायला बोलावू नका

परवा आतेबहिणीचं डोहाळजेवण झालं. मोठं पातेलंभर मसालेभात उरला. रात्री दहाला आत्या 1098 फिरवत होती, कारण सोसायटीच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज पुन्हा आला होता: "कार्यक्रमात अन्न उरलं तर 1098 ला कळवा, सरकारी माणसं येऊन नेतील, भुकेल्या मुलांच्या मुखी लागेल, साखळी तोडू नका."

कोणीही येत नाही. 1098 ही संकटातल्या मुलांची हेल्पलाइन आहे, 1996 साली मुंबईत सुरू झालेली. घरात मार खाणारं पोर, स्टेशनवर चुकलेलं पोर, चौदाव्या वर्षी लग्न ठरलेली मुलगी, यांच्यासाठी तो नंबर आहे. आम्ही उरलेलं अन्न गोळाही करत नाही आणि वाटतही नाही, असा खुलासा ही हेल्पलाइन अनेक वर्षं चालवणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेनं स्वतः केलेला आहे. तरी मेसेज थांबत नाही. तुम्ही भाताबद्दल बोलत असता तेवढा वेळ पलीकडचा माणूस अडकलेला असतो आणि त्याच वेळी एखादं पोर लपून तोच नंबर लावत असतं. हे पुण्य नाही, अडवणूक आहे.

आणि तो भात? दुपारी बाराला शिजलेला, रात्रीपर्यंत ओट्यावर. अशा भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. आपल्या नातवाला देणार नाही ते दुसऱ्याच्या पोराला कशाला?

अन्न नेणाऱ्या संस्था आहेत, हे मान्य. मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये रोटी बँक काढली, रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवकही फिरतात. पण त्यांनाही अन्न ताजं लागतं आणि वेळेवर कळवावं लागतं.

शिवाय नासाडी काही फक्त समारंभांत होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात घराघरांतून माणशी वर्षाला 55 किलो अन्न कचऱ्यात जातं. त्यात सालं-देठं धरलेली आहेत, तरी आकडा थोडा नाही. रोजच्या वाटीभर आमटीसाठी कुठली हेल्पलाइन येणार?

आत्या, दुपारी दोनला "डबे घेऊन या" एवढं ग्रुपवर टाकलं असतंस तर आपल्या विंगमध्येच पातेलं रिकामं झालं असतं. बारशाला आदल्या संध्याकाळपर्यंत कोण किती येणार ते पक्कं करू. घरोघर विचारायला मी जाईन, आणि आचाऱ्याला त्याच आकड्यावर तांदूळ काढून देऊ.