मास्तरचं सूत

गावच्या वाचनालयाच्या सूचना फलकाची काच यंदा तिसऱ्यांदा फुटली. फोडणारे पोट्टे माझेच माजी विद्यार्थी, त्यामुळे सभेत सगळे माझ्याकडेच बघत होते. तावातावात बोलून गेलो, "काच नकोच. अ‍ॅक्रिलिकची शीट लावू. भोकं मी पाडतो, ड्रिल आहे माझ्याकडे." मे महिन्यात आमच्याकडे सावलीतला माणूसही बरळतो.

शीट वर्ध्याहून आली. चार मिलिमीटर जाड, तीन बाय दोन फूट, भोकं आठ. ओसरीत दोन पाट मांडले, त्यांवर शीट ठेवली. मशीनला बिट लागलेलंच होतं, दिवाळीत कॅलेंडरसाठी भिंत पोखरली तेव्हाचं. खटका पूर्ण दाबला.

आधी थोडा पांढरा भुगा उडाला. मग तो थांबला आणि एक चिकट तंतू निघून बिटाभोवती गुंडाळू लागला. सेवाग्राम आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, त्यामुळे शाळेत असताना टकळी फिरवायला लागायची. माझं सूत कायम तुटायचं. इथे मात्र न तुटता निघत होतं! बघता बघता कापसाच्या बोंडाएवढा गोळा जमला, उग्र वास सुटला. मी आणखी जोर दिला. गोळ्याने भोक धरलं, शीट उसळली आणि सौ.ने बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून गरकन एक घिरटी घालून थांबली. थांबली, कारण नेमकी लाइन गेली.

लाइन गेली तसं वितळलेलं प्लास्टिक गारठलं आणि बिट शीटमध्ये जाम झालं. बिट धरून ठेवणारा चक उघडायची चावी दिवाळीपासून बेपत्ता.

"अहो, आधी त्या कुरडया मोजा," सौ. म्हणाली.

शेवटी हातात ड्रिल, ड्रिलच्या टोकाला तीन फुटी शीट अशी वरात घेऊन भर उन्हात गावच्या सुताराकडे, वाढई काकाजींकडे निघालो. पारावरून हाक आली, "काय जी मास्तर, डिश बसवता का?" पुढे एका पोट्ट्याने अदबीने विचारलं, "सर, पतंग आहे का?" हा काच फोडणाऱ्यांपैकीच.

काकाजींनी चष्मा नाकावर ओढला. "मास्तर, हे तं भित्तीचं बिट होय. भोकं पाडता का पोळ्या भाजता?" एवढ्यात लाइन आली. त्यांनी खटक्याजवळचं एक बटण सरकवून मशीन उलटं फिरवलं. कट्कन आवाज झाला, बिट बाहेर! ते बटण मी आजवर शोभेचं समजत होतो.

"भोथरं बिट कापत नाही जी, नुसतं घासते. घासलं का तापते. अन् प्लास्टिक ते गरमी पुढं जाऊच देत नाही, तिथंच धरून ठेवते."

मी सव्वीस वर्षं सातवीला उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवले. उदाहरण कायम पातेल्याच्या मुठीचं. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं हेही कुठेतरी वाचलं होतं. पण टोकाशी कोंडलेली उष्णता मला काकाजींच्या दुकानात भेटली.

त्यांनी लोखंडात भोक पाडायचं नवं, धारदार बिट लावलं. शीटवरचा कागद निघू दिला नाही. खाली लाकडाची फळी घेऊन शिकंज्याने आवळली. वाटीत साबणाचं पाणी, त्याचे दोन थेंब खुणेवर. मग मशीन हळू फिरवत, चिमणी दाणे टिपते तसं जरा टेकवायचं, वर घ्यायचं, भुगा फुंकायचा, पुन्हा टेकवायचं. भोक फुटत आलं की हात आणखी हलका. भुगा सुटा, पांढरा, रव्यासारखा पडत होता. तंतूचं नाव नाही.

"स्क्रू चार मिलिमीटरचा, मग भोक सहाचं काहून?" मी विचारलं.

"उन्हात फुगते थे. जागा नको का त्याले?"

घरी जाऊन हिशोब केला. थंडीतले दहा अंश ते उन्हाळ्यातले पंचेचाळीस, मीटरमागे जवळपास अडीच मिलिमीटर वाढ. काकाजी चौथीपर्यंत शिकलेले.

फलक लागला. भोकं आठ अधिक माझं एक. त्यावर वाचनालयाच्या वेळांची चिठ्ठी चिकटवली आहे. माझं ते बिट गोळ्यासकट काकाजींनी दुकानातल्या खिळ्याला टांगलं. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय होय जी?"

"मास्तरनं काढलेलं सूत."