‘मिलिटरीचा मास्क जन्मभर चालतो’ हा मेसेज पुढे पाठवू नका

जालना, बीड, परभणीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मिलिटरीचा जुना गॅस मास्क घ्या. रबर शाबूत असेल तर जन्मभर चालतो. रॉकेलने पुसा, उन्हात वाळवा. फवारणी असो की विहिरीतला गाळ, बिनधास्त वापरा.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर जीव घेणारं आहे.

सैन्यात हा मास्क टिकतो तो वरचेवर तपासला जातो म्हणून. रबर हलकेच ताणून बारीक चिरा शोधतात, पट्ट्या, काचांच्या कडा बघतात. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे श्वास बाहेर सोडायची झडप. तिची रबरी चकती जराशी वाकली, खाली एखादा केस किंवा माती अडकली, की विषारी हवा तिथूनच आत येते. वरून मास्क नवाकोरा दिसतो! म्हणून घातल्यावर फिल्टरचं तोंड तळहाताने झाकून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, हवा आली तर गळती आहे. दाढीवर तर कडा नीट बसतच नाही.

फिल्टरमधला कोळसा सील उघडल्यापासून ओलावा शोषत राहतो, मास्क नुसता पडून असला तरी. मुदत संपलेला, चेपलेला, हलवल्यावर खुळखुळणारा फिल्टर बादच. तो फोडून कोळसा बदलू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू) सापडतं, म्हणून २०१४ मध्ये तिथल्या शाळांना ते मुलांना घालू देऊ नका, असं सांगावं लागलं.

रॉकेलने रबर फुगतं, उन्हाने तडकतं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावली पुरे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर ठेवूच नका. फवारणीसाठी कीटकनाशकाचा फिल्टर असलेला नवा मास्क घ्या.

आता विहीर. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. मोकळ्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. जुन्या आडात, कुजत्या गाळाजवळ तो घटतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर. हे दोन्ही वायू लष्करी मास्कचा नेहमीचा फिल्टर अडवत नाही, मास्क कितीही नवा आणि तपासलेला असो. आपल्याकडे आधी कंदील सोडून बघतात. विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच. पण जळत राहिला म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, असं समजू नका. आणि आत कोणी कोसळलं तर त्याच्या भावाला, शेजाऱ्याला मागोमाग उतरू देऊ नका, हात धरून थांबवा. ११२ ला फोन करून अग्निशमन दल बोलवा. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेल्या माणसानेच तिथे उतरायचं.