जकात गेली, भरपाई नेमकी कोणाला मिळाली?

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका नाक्यांवर घेत असलेला कर, बंद झाल्याने कोणाचेही नुकसान झाले नाही, असे सांगणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो. त्याचा आशय असा की, महापालिकेचे कर्मचारी इतर कामांवर सामावले गेले, बुडालेल्या महसुलाची भरपाई मिळाली, नाक्यावरचे दलाल निव्वळ मध्यस्थ होते आणि अशा लोकांना नवे काम शिकवणे हे जगात कुठल्याही सरकारचे काम नसते. जकात जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र या मजकुरातले पहिले विधान अपुरे आहे, दुसरे दिशाभूल करणारे आहे आणि शेवटची दोन चुकीची आहेत.

कर्मचारी सामावले गेले हे खरे आहे, पण ते महापालिकेच्या हजेरीपटावरचे कर्मचारी होते. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर खिडकीच्या अलीकडे उभे राहून बिले लावणारा, मालाची वर्गवारी करून दर काढणारा आणि वाहतूकदाराच्या वतीने रक्कम भरून पावती आणणारा जकात दलाल, तसेच त्याच्या हाताखालचा लेखनिक, कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू होऊन जकात बंद झाली, तेव्हा त्याला सामावून घेणारे खातेच अस्तित्वात नव्हते.

भरपाईचा मुद्दा अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण ती खरोखरच उदार होती. केंद्राने राज्यांना पाच वर्षांपर्यंत, महसुलात दरवर्षी 14 टक्के वाढ गृहीत धरून, भरपाईची कायदेशीर हमी दिली. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांसाठी 2017 मध्येच स्वतंत्र कायदा केला. त्यात 2016-17 हे वर्ष पायाभूत मानून दरवर्षी 8 टक्के वाढ धरली गेली आणि मुंबई महापालिकेला पहिल्याच महिन्याचे सुमारे 647 कोटी रुपये जुलैच्या आरंभीच मिळाले. म्हणजे जकात रद्द केल्याने कोणाचे उत्पन्न बुडेल, याचा हिशेब आधीच करता येतो आणि त्यासाठी वेळेवर पैसाही उभा करता येतो, हे शासनाने स्वतःच सिद्ध केले. मात्र हा हिशेब तिजोरीचा होता. ज्या माणसाचा रोजगार त्याच कायद्याने, त्याच दिवशी संपला, त्याच्यासाठी या दोन्ही भरपाई कायद्यांत तरतूद नाही. म्हणूनच ‘भरपाई मिळाली’ हे वाक्य दलालांच्या संदर्भात वापरणे मला अन्यायकारक वाटते.

‘जगात कुठेही असे होत नाही’ या विधानाला तर युरोपच्या इतिहासातच उत्तर आहे. 1 जानेवारी 1993 रोजी युरोपीय समुदायाची एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली आणि सदस्य देशांमधल्या सीमांवरील सीमाशुल्काचे सोपस्कार संपले. त्याच्या दोन आठवडे आधी, 17 डिसेंबर 1992 रोजी, समुदायाच्या परिषदेने सीमाशुल्क दलालांच्या व्यवसायाला नव्या बाजारपेठेशी जुळवून घेता यावे म्हणून स्वतंत्र नियमावली संमत केली. ही मदत सर्वांना पुरली असे नाही. एदुआर द्युब्वा ए फिस या फ्रेंच कंपनीने आपला सीमाशुल्क दलालीचा व्यवसाय बुडाल्याबद्दल समुदायाच्या संस्थांकडे नुकसानभरपाई मागितली, तेव्हा 1998 मध्ये तेथील न्यायालयाने दावा फेटाळला. नुकसानीचे मूळ सदस्य देशांनी स्वतः केलेल्या करारात आहे, असे त्याचे म्हणणे होते. पण न्यायालयात मागितलेली नुकसानभरपाई आणि व्यवसाय बदलण्यासाठी दिलेली मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तिथे जबाबदारी म्हणून स्वीकारली गेली होती.

राहिला निव्वळ मध्यस्थ असल्याचा आरोप. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि 2021 च्या आरंभी सीमा पुन्हा उभी राहिली, तेव्हा सीमाशुल्क दलालीचे हेच काम जाणणारी माणसे तिथे अपुरी पडत होती. सुमारे 50,000 जणांची गरज भासेल असा अंदाज होता आणि सरकारला प्रशिक्षणासाठी अनुदान द्यावे लागले. ज्या कौशल्यासाठी एक देश सरकारी पैसा खर्चून माणसे तयार करतो, ते कौशल्य नव्हेच असे कसे म्हणता येईल?

आपल्याकडेही ते निरुपयोगी झाले नव्हते. नव्या करव्यवस्थेत व्यावसायिक करसल्लागार म्हणून नोंदणीची सोय झाली, पण ती पदवीधरांना, तसेच जुन्या कायद्याखाली किमान पाच वर्षे विक्रीकर व्यावसायिक म्हणून नोंदलेल्यांना. जकात दलालांचा त्या यादीत उल्लेख नाही. पदवी नसलेल्या, पण वीस वर्षे बिले वाचलेल्या माणसासाठी एखादी पात्रता परीक्षा आणि काही महिन्यांचे वर्ग पुरले असते. पुढे 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारे ऑनलाइन काढलेले कागदपत्र, सक्तीचे झाले. त्यात बिलाचा क्रमांक, मालाची वर्गवारी, किंमत, वाहतूकदार आणि गाडीचा क्रमांक भरावा लागतो, आणि यातला बहुतेक तपशील नाक्यावरचा लेखनिक नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत रोज हाताने लिहीत होता.