कॅटरहॅम म्हणे नकली लोटस!

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘ब्रिटनची स्पोर्ट्स कार कंपनी कॅटरहॅम म्हणजे लोटस सेव्हन या गाडीची उचलेगिरी. टॅक्स बुडवायला सुटे भाग विकायचे, १९७३ मध्ये व्हॅट आला आणि धंदा बसला. आज उरलंय ते नुसतं खेळणं.’

आधी उचलेगिरी. लोटस या ब्रिटिश कार कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याने सेव्हन आणली १९५७ मध्ये. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, दारांची भानगडच नाही. सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावी ग्रॅहम नर्न यांचं गॅरेज होतं आणि ते हीच गाडी विकायचं. लोटसला पुढे महागड्या गाड्यांचे वेध लागले, सेव्हन नकोशी झाली. १९७३ मध्ये नर्ननी तिचे हक्क रीतसर विकत घेतले. तेव्हा चालू होतं ते फायबरग्लास बॉडीचं चौथं मॉडेल. ते त्यांनी थोडंच बनवलं आणि १९७४ मध्ये पुन्हा जुनं तिसरं मॉडेल काढलं. आज जी कॅटरहॅम दिसते ती त्याच वंशातली. गंमत म्हणजे ‘आमची नक्कल करता’ म्हणून ऐंशीच्या दशकात वेस्टफील्ड या दुसऱ्या ब्रिटिश गाडी कंपनीला कोर्टात खेचलं ते याच कॅटरहॅमने!

टॅक्सचं म्हणाल तर त्यात बुडवाबुडवी कसली? ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स (खरेदीवरचा कर) होता, घेणाऱ्याने स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या संचावर नव्हता. सुरुवातीच्या सेव्हनचा भाव तयार गाडीला १,०३६ पौंड, संच घेतला तर ५३६. (मधले ५०० पौंड सगळे टॅक्सचे नव्हेत, कारखान्याची मजुरीही त्यातच.) ही सवलत सरकारनेच ठेवली होती. शिवाय हा सगळा लोटसचा काळ. त्याचं खापर कॅटरहॅमच्या डोक्यावर कशाला?

व्हॅटने धंदा बसला, हे तर उलटंच. एप्रिल १९७३ मध्ये परचेस टॅक्सच्या जागी व्हॅट आला, संचाचा तो फायदा गेला आणि त्याच वर्षी नर्ननी सेव्हन हातात घेतली. १९८७ मध्ये कारखाना केंटमधल्या डार्टफर्डला हलला. २०२१ मध्ये मालकी जपानी व्हीटी होल्डिंग्जकडे गेली. गाड्या अजून बनतात, संचही अजून मिळतो.

राहिलं खेळणं. कॅटरहॅमच्या सेव्हन १७० या मॉडेलमध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन आहे, म्हणजे आपल्या ऑल्टोपेक्षाही लहान. ताकद मात्र ८४ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम ४४० किलो. गणित करून बघा.

आणि संच म्हणजे लहान मुलांचे ठोकळे नव्हेत. सांगाडा पत्रे ठोकून, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या बसवून येतो. पुढची सगळी जोडणी मालकाने करायची. महागड्या मॉडेलांत सगळ्यात जास्त छळतो तो डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा. ते जड धूड अरुंद जागेत तोलून धरायचं आणि बरोबर मध्यावर येईपर्यंत एकेक वॉशर सरकवत राहायचं, बोटं सोलवटून घेत. त्यानंतर रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणी. तिथे बाहेर आलेला भाग १०० मिलिमीटरच्या गोळ्याने चाचपतात; गोळा जिथे टेकेल तिथे धारदार कडा चालत नाही. म्हणून तर हौशी मंडळी आदल्या रात्री नटबोल्टांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालत बसलेली असतात.