'रिस्पेक्टेड सर' वाचून हसणाऱ्यांसाठी

आज ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी एका अर्जाचा स्क्रीनशॉट टाकला. लातूरकडची मुलगी, पहिलीच नोकरी शोधतेय. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'. खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. तिचं नाव झाकायचंही कुणाला सुचलं नाही.

२००६ साली मी लंडनच्या क्लायंटला पहिली मेल लिहिली. 'डियर मिस्टर पीटर'. पीटर त्याचं पहिलं नाव. आमच्या मॅनेजरने ती भर मीटिंगमध्ये वाचून दाखवली. 'मिस्टर'पुढे आडनाव लागतं हे मला तेव्हा कळलं, चौदा माणसांदेखत. अहो, पण आपल्याकडे मान नावालाच चिकटतो ना! सुनीताताई, अनिलराव, मकरंदसर. मी तेच केलं होतं.

वडिलांना 'तीर्थरूप' आणि काकांना 'तीर्थस्वरूप' असा वेगळा मायना असणारी आपली भाषा. त्यातल्या पोरीचा हात साहेबाला नुसतं 'हाय' लिहायला धजेल? 'माननीय महोदय'चं तिने इंग्रजी केलं, झालं.

हो, मान्य, तिकडे 'रिस्पेक्टेड' कुणी लिहीत नाही, वाचायला विचित्र वाटतं. मग बाजूला घेऊन सांगा की! शाळेत 'डियर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली', नावाने लिहिलं तर 'युअर्स सिन्सिअरली' एवढं घोकून घेतलं. मेलचं कुणी शिकवलं? आणि साहेबाचं तरी कुठे ठरलं होतं? फ्रेशफील्ड्ससारख्या लंडनच्या बड्या वकिली फर्मने 'डियर सर्स' सोडायचं ठरवलं ते २०१६ मध्ये. तोवर समोर बाई असली तरी 'सर्स'च. त्यावर नाही कुणी दात काढले.

आणि हसणारे कोण? मी टीममध्ये असताना रोज 'हे गाइज' लिहिणारे.

जाऊ दे, बीपी वाढतं.

त्या पीटरचं उत्तर आलं होतं तेव्हा. 'हाय', आणि पुढे माझं आडनाव. तेच नाव समजला होता बिचारा. त्याची मेल मात्र कुणी वाचून दाखवली नाही.

दुपारी त्या मुलीला मीच उत्तर लिहिलं. 'मिस' की 'मिझ' यातच पाच मिनिटं गेली, मग 'डियर' आणि तिचं नुसतं नाव. शेवटी एक ओळ, की पुढच्या अर्जात 'डियर सर ऑर मॅडम' लिही, वाचणारी बाईही असू शकते.

आत्ता तिचं उत्तर आलं. 'रिस्पेक्टेड मॅम'.

खरं सांगू? बरं वाटलं.