लोहगावची धावपट्टी ‘छोटी’ म्हणून मुंबई गाठण्याआधी

पाऊस लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. सार असं: पायलटला निवड असेल तेव्हा तो लांब धावपट्टीच घेतो, पुण्यात ती निवड नाही, लोहगावची धावपट्टी धोक्याची इतकी छोटी आहे, म्हणूनच इथे विमान आदळतं आणि करकचून ब्रेक लागतात; सबब मुंबईहून जा. लांबी पुण्याला नडते एवढंच त्यात खरं आहे, आणि तीही मेसेजवाल्यांना वाटते त्या ठिकाणी नाही.

‘पायलट लांब धावपट्टीच घेतो.’ धावपट्टी एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, देतं, मुख्यतः वारा पाहून. पायलट तपासतो ते इतकंच, की आजचं वजन, वारा, तापमान आणि ओलावा धरून ती पुरते का. पुरत नसेल तर तो सरळ नाकारतो आणि दुसरी मागतो. पुरत असेल तर उरलेल्या लांबीसाठी कोणी हट्ट धरत नाही. दिल्लीत ४,४३० मीटरची धावपट्टी आहे, तरी टर्मिनल १ जवळच्या २,८१३ मीटरच्या धावपट्टीवरून विमानं सर्रास ये-जा करतात. जमिनीवर चालवायचं अंतर कमी, इंधन कमी.

वारा लांबीपेक्षा मोठा. मागून १० नॉट (ताशी सुमारे १८.५ किमी) वारा असला की उतरायला लागणारं अंतर साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतं. म्हणून हिशोबात समोरचा वारा निम्माच धरायचा आणि मागचा दीडपट, असा नियम आहे. लांब धावपट्टी मुद्दाम मागितली जाते ती काही बिघडलं तर: फ्लॅप (कमी वेगात उचल देणारे पंखांचे भाग) अडकले आणि जास्त वेगाने उतरावं लागतंय, अँटी-स्किड (चाकं घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणा) बंद आहे, किंवा उड्डाणानंतर लगेच टाकी भरलेली असताना परत यायचंय.

‘पुण्यात निवडच नाही.’ लोहगावला दोन धावपट्ट्या आहेत. आडवी, १४/३२ (आकडे म्हणजे दोन्ही टोकांच्या दिशा, अंशांचा दहावा भाग), सुमारे १,८०० मीटरची आणि हवाई दलाची. प्रवासी विमानांना मिळते ती १०/२८, लांबी २,५३५ मीटर. निवड असते ती टोकाची: पश्चिमेकडून येऊन १० वर उतरायचं, की वाघोलीच्या बाजूने २८ वर. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असला की २८.

‘धोक्याची इतकी छोटी.’ जेट विमान निघण्यापूर्वीच असं दाखवावं लागतं, की ते उतरायच्या धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबेल. पुण्याचे २,५३५ मीटर पूर्ण धरले तर १,५२१ मीटर. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर लागणारी लांबी आणखी १५ टक्क्यांनी वाढवून धरायची, म्हणजे थांबायला उरतात १,३२० च्या आसपास. हे अंतर धावपट्टीच्या सुरुवातीवर ५० फुटांवर असल्यापासून मोजतात, चाकं टेकल्यापासून नाही. या हिशोबात बसत नसेल तर वजन कमी करा, नाहीतर निघू नका. हवेत असताना ताजा वारा आणि धावपट्टीची स्थिती घेऊन पुन्हा गणित होतं. स्थितीला ६ ते ० असा आकडा देतात: कोरडी ६, नुसती ओली ५, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलेली २. पाचाचे दोन झाले की उत्तर बदलतं आणि विमान घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे वळतं. प्रवासी वैतागतात, पण तिथे यंत्रणा नीट चालू असते.

‘विमान आदळतं.’ हा आरोप सगळ्यात उफराटा. १४० नॉट वेगाने विमान सेकंदाला ७२ मीटर कापतं. मऊ टेकवण्याच्या नादात तीन सेकंद तरंगलं की दोनशे मीटरहून जास्त गेले. चाकांवर भार आला की पंखांवरचे स्पॉयलर (उचल मारणाऱ्या पट्ट्या) उभे राहतात, उचल मरते, मग ब्रेकना पकड मिळते. पाणी असेल तर ठाम टेकणं आणखी गरजेचं. २०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाचा टायर सुमारे १२७ नॉटच्या वर पाण्याच्या थरावर तरंगू शकतो, आणि न फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? चाकं सुरुवातीच्या एक-तृतीयांश लांबीत टेकली पाहिजेत, लोहगावला सुमारे ८४५ मीटरच्या आत. नाही टेकली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. मंगळूरला २०१० मध्ये अपघात झालेलं विमान ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट आत टेकलं. कोळिकोडला २०२० मध्ये ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट, तेही मागून वारा असताना. कोळिकोडची धावपट्टी तर लोहगावपेक्षा लांब.

लांबी खरी नडते ती उडताना, तीही मे महिन्यात. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंच. ४० अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला ती ५,४०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. इंजिनाचा जोर घटतो आणि तीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेग लागतो. शिवाय धावपट्टी दोन्हींना पुरली पाहिजे: व्ही-वन या निर्णयवेगाच्या आत इंजिन गेलं तर थांबायला, आणि त्यानंतर गेलं तर एका इंजिनावर उडायला. पुरत नसेल तर माल उतरतो, इंधन कमी होतं, कधी प्रवासीही. दूरच्या देशात जाणारं मोठं, भरलेलं विमान लोहगावहून उडवणं अवघड आहे ते यामुळे. म्हणजे किंमत मोजली जाते ती वजनात, सुरक्षेत नाही.

धावपट्टी लांब असली की ती शिल्लक राहते असंही नाही. विमान हलकं आणि हवा गार असेल तर इंजिन वाचवायला पायलट जोर कमी ठेवतात, २५ टक्क्यांपर्यंत. मग विमान जास्त धावतं. लांबी वापरली जाते.

राहिली मुंबई. तिथली मुख्य धावपट्टी दुरुस्तीला बंद असते तेव्हा तिथली दुसरी, तिचंही नाव १४/३२, वापरतात. ती २,८७१ मीटर, लोहगावपेक्षा ३३६ मीटर जास्त. आणि १ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात जे विमान टोक ओलांडून चिखलात रुतलं, ते मुंबईच्या मुख्य, लांब धावपट्टीवरूनच.