व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेताय ना, मग पेन्शनचा फॉर्म लगेच भरू नका

पन्नाशी ओलांडलेल्या, प्रायव्हेट कंपनीत असलेल्या सगळ्यांनी हे वाचा प्लीज. व्हीआरएसचा चेक हातात पडतो, त्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं "५० नंतर पीएफची पेन्शन मिळते, भरून टाका १०-डी, पेन्शनचा फॉर्म" आणि माणूस भरून मोकळा होतो. असं होताना बघितलं की फार वाईट वाटतं.

मिळते, खरंय. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, १० वर्षं सेवा असली की ५० नंतर पेन्शन चालू करता येते. पण पूर्ण पेन्शनचं वय ५८ आहे, आधी घेतली तर कमी पडणाऱ्या दर वर्षामागे ४ टक्के कापतात आणि ते कायमचे. ५८ पूर्ण झाले म्हणून ती परत वाढत नाही!

नोकरी सोडायची तारीख वेगळी आणि पेन्शन चालू करायची तारीख वेगळी, एवढं जरी लोकांच्या डोक्यात बसलं तरी खूप झालं. आज नोकरी सोडा, १०-सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या पेन्शन-सेवेचा दाखला) घ्या आणि पेन्शन नंतर सुरू करा, कोणी अडवत नाही.

आता हिशोब बघा. समजा एक जण जानेवारी २०१५ मध्ये लागला, आधीच्या नोकरीचे पैसे काढून घेतलेले म्हणून ती सेवा धरायची नाही, ११ वर्षं झाली आणि आता वय ५४. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० धरली तर पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० या सूत्राने १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे साधारण २,३५७ रुपये महिना. आत्ताच घेतली तर १६ टक्के जाऊन १,९८० च्या आसपास. नुसतं एवढंच बघितलं तर लवकर घेणारा चुकला असं मी म्हणणार नाही, कारण चार वर्षांत त्याला ९५ हजार मिळून जातात आणि महिना पावणेचारशेच्या फरकाने ते भरून निघायला ऐंशी जवळ येते. घरात आजारपण असेल, दुसरं उत्पन्न नसेल तर खुशाल घ्या.

पण ५४ चा माणूस घरी बसतो का हो? आमच्याकडचे एक काका, लवकर पेन्शन घेतलेले, सहा महिन्यांत दुसरीकडे सुपरवायझर म्हणून लागले. पीएफ कापला जायला लागला, त्यांनी मोबाईलवर पासबुक उघडून मला दाखवलं तर पेन्शनच्या कॉलममध्ये दर महिन्याला शून्य. कारण लवकर पेन्शन घेतली की ईपीएसची मेंबरशिप संपते, कंपनीचा वाटा सगळा पीएफमध्ये जातो (तो पैसा बुडत नाही, पण पेन्शनची सेवा पुढे वाढत नाही). थांबले असते आणि सर्टिफिकेट नवीन कंपनीत जोडलं असतं तर? वरच्याच उदाहरणात अजून चार वर्षं धरा, सेवा १५, पेन्शन ३,२१४. कुठे १,९८० आणि कुठे ३,२१४, आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही, जो आकडा ठरला तो ठरला. माझ्या मते ४ टक्क्यांपेक्षा खरं नुकसान हे आहे आणि व्हीआरएसच्या मीटिंगमध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

अजून एक, राजीनाम्याची तारीख टाकायच्या आधी सेवेचे महिने मोजा. सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, कमी असतील तर सोडून देतात. ज्यांची ९ वर्षं ५ महिने झालीत त्यांनी तर काहीही करून अजून एक महिना काढा, नाहीतर पेन्शनच बसणार नाही.